चोवीस तासांची कसोटी

वेगाचें वेड मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. रथ असोत, घोडे असोत कीं शंकरपटांतील बैल असोत, कोण पुढें गेला हें पाहण्यासाठीं माणसें नेहमींच गर्दी करीत आलीं आहेत. परंतु अशा बहुतेक शर्यतींचा निकाल थोड्याच वेळांत लागून जातो. १९२३ सालीं फ्रान्समध्यें मोटारींची जी एक शर्यत सुरू झाली, तिनें स्पर्धकांपुढें निराळाच प्रश्न टाकला. एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र, ऊन असो कीं पाऊस असो, गाडी धांवत राहिली पाहिजे. आणि चोवीस तासांच्या अखेरीस जिनें सर्वांत अधिक अंतर तोडलें असेल, ती श्रेष्ठ. या शर्यतींत इंग्लंडच्या एका लहानशा कारखान्यानें आठ वर्षांत पांच वेळां विजय मिळविला, आणि पांचव्या विजयानंतर दीड वर्षाच्या आंत तो कारखाना लिलांवांत विकला गेला. कीर्तीचा कळस आणि घराचा पाया यांचा संबंध किती दूरचा असूं शकतो, याचें हें उदाहरण विचार करण्याजोगें आहे.

त्या कारखान्याचा संस्थापक वॉल्टर ओवेन बेन्टले. त्याचा जन्म १८८८ सालीं लंडनमध्यें झाला. लहानपणापासून त्याला आगगाडीच्या इंजिनांचें वेड होतें, आणि वयाच्या सोळाव्या वर्षीं तो डॉनकास्टर येथील रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीस राहिला. पुढें तो मोटारींकडे वळला. १९१२ सालीं त्यानें आपल्या भावाच्या भागीदारींत फ्रेंच बनावटीच्या मोटारी विकण्याचा धंदा सुरू केला. एकदां फ्रान्समधील त्या कारखान्यांत त्याची नजर मेजावरील कागद दाबून ठेवण्याच्या एका वजनाकडे गेली. तें ॲल्युमिनियमच्या पिस्टनच्या आकाराचें होतें. त्या काळीं पिस्टन लोखंडाचे किंवा पोलादाचे असत. ही हलकी धातु इंजिनाच्या पोटांतील उष्णतेंत टिकेल काय, असा प्रश्न त्याच्या मनांत आला, आणि त्यानें तो प्रयोगानें सोडविला. पहिल्या महायुद्धांत ही युक्ति विमानांच्या इंजिनांस उपयोगी पडली, आणि स्वतः बेन्टलेनें आखलेलें इंजिन सॉपविथ कॅमल या प्रसिद्ध लढाऊ विमानांत बसविलें गेलें.

युद्ध संपल्यावर, १९१९ सालीं, त्यानें स्वतःच्या नांवाची मोटार काढण्याचें ठरविलें. पहिलें इंजिन लंडनच्या बेकर स्ट्रीटजवळील एका बोळांत सुरू झालें. पुढें क्रिकलवुड या उपनगरांत कारखाना उभा राहिला. तीन लिटरच्या त्या इंजिनास चार सिलिंडर असून प्रत्येक सिलिंडरास चार झडपा होत्या. गाडी भारी होती, दणकट होती, आणि महाग होती. गिऱ्हाइकांच्या हातीं गाड्या पडूं लागल्या त्या १९२१ च्या सप्टेंबरांत. कल्पना उत्तम आणि कारागिरी उत्तम, परंतु भांडवल मात्र तुटपुंजें, अशी या संसाराची स्थिति प्रथमपासूनच होती. ही गोष्ट ध्यानांत ठेवल्यावांचून पुढील कथेचा अर्थ नीट लागत नाहीं.

पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारें दोनशें किलोमीटरांवर ल माँ नांवाचें जुनें शहर आहे. तेथील मोटार क्लबाचे चिटणीस जॉर्ज द्युराँ आणि शार्ल फारू नांवाचे पत्रकार यांनीं, चाकें बनविणाऱ्या एका कंपनीच्या साह्यानें, ही शर्यत आखली. शर्यतीसाठीं मुद्दाम बांधलेल्या नाजुक गाड्या त्यांना नको होत्या. लोक रोज वापरतात तशा प्रवासी गाड्या, त्यांचे दिवे, त्यांची सुरू करण्याची यंत्रें, त्यांचे ब्रेक, हें सर्व रात्रंदिवस कसोटीस लावावें, म्हणजे त्यांतून मोटारी सुधारतील, असा त्यांचा हेतु होता. रस्तेहि नेहमींचेच, रहदारीचे. सुमारें सतरा किलोमीटरांचा एक फेरा. २६ व २७ मे १९२३ रोजीं पहिली शर्यत झाली तेव्हां तेहतीस गाड्या निघाल्या. त्यांत एकच इंग्रजी गाडी होती, आणि ती बेन्टले होती.

ती गाडी कारखान्यानें धाडलेली नव्हती. चीनमध्यें जन्मलेला जॉन डफ नांवाचा एक कॅनेडियन गृहस्थ लंडनमध्यें मोटारींचा व्यापार करीत असे. त्यानें आपल्या जबाबदारीवर नांव नोंदविलें आणि कारखान्याकडून फ्रँक क्लेमेंट हा चालक साहाय्यक म्हणून मागून घेतला. बेन्टलेस हा सारा खटाटोप वेडेपणाचा वाटला. चोवीस तास सारखी पळविण्यासाठीं मोटार केलेलीच नसते, असें त्याचें मत होतें. तरी अगदीं अखेरच्या घटकेस त्याला राहवलें नाहीं, आणि तो शर्यत पाहण्यास गेला. मध्यरात्रीच्या सुमारास त्याचें मत साफ पालटलें होतें.

त्या शर्यतींत डफच्या गाडीस पुढच्या चाकांचे ब्रेक नव्हते. खडबडीत रस्त्यावरील दगड उडून एक दिवा फुटला. पुढें दुसऱ्या एका दगडानें पेट्रोलच्या टांकीस भोंक पाडलें आणि गाडी मुक्कामापासून कित्येक मैलांवर उभी राहिली. डफ पायीं परत आला. मग क्लेमेंटनें एक सायकल मागून घेतली, पेट्रोलचे डबे बरोबर घेऊन उलट्या दिशेनें धांवणाऱ्या गाड्यांना चुकवीत तो तेथें पोंचला, भोंक बुजविलें, आणि सायकल मोटारींत टाकून परत आला. इतका वेळ गमावूनहि त्यांस चौथ्या क्रमांकाचा मान मिळाला, आणि शर्यतींतील सर्वांत जलद फेरा त्यांच्याच नांवावर लागला. पुढील वर्षीं, १९२४ सालीं, हेच दोघे परत आले. यावेळीं पुढच्या चाकांस ब्रेक होते, दिव्यांवर जाळ्या होत्या, टांकीस संरक्षण होतें. आदल्या वर्षीच्या प्रत्येक दगडाचें उत्तर त्यांनीं बरोबर आणलें होतें. चोवीस तासांत २०७७ किलोमीटर अंतर तोडून त्यांनीं शर्यत जिंकली.

पण यशाची वाट सरळ नव्हती. १९२५ सालीं नियम असा होता कीं शर्यतीचे पहिले कांहीं फेरे गाडीचें कापडी छप्पर चढवून करावयाचे, आणि तोंवर पेट्रोल भरावयाचें नाहीं. छप्परामुळें वाऱ्याचा विरोध वाढतो आणि इंधन अधिक लागतें, हा हिशेब चुकला. एका गाडीचें पेट्रोल वाटेंतच संपलें. दुसरीहि शेवटपर्यंत पोंचली नाहीं. १९२६ सालीं शर्यत संपावयास अर्धा तासहि उरला नव्हता, आणि दुसरा क्रमांक दृष्टिपथांत होता. अशा वेळीं ब्रेक झिजलेल्या गाडीस वळणावर आवरतां न आल्यामुळें ती वाळूंत रुतली. ही गाडी चालवीत होता सॅमी डेव्हिस, एका मोटारविषयक साप्ताहिकाचा क्रीडा-संपादक. पुढील वर्षीं याच डेव्हिसच्या हातून जें घडलें, त्यानें बेन्टले हें नांव घरोघर पोंचविलें.

१९२७ च्या जून महिन्यांतील ती रात्र होती. बेन्टलेच्या तीन गाड्या सर्वांच्या पुढें धांवत होत्या. काळोख पडला होता. 'पांढरें घर' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वळणावर एक फ्रेंच मोटार घसरून रस्त्यांत आडवी झाली. पहिली बेन्टले तिला चुकवितांना खड्ड्यांत गेली. दुसरी पहिलीवर आदळली. तिसरी डेव्हिसची. वळणाच्या अलीकडे त्याला रस्त्यावर माती आणि लांकडाच्या ढलप्या दिसल्या. इतक्या खुणेवरून त्यानें वेग कमी केला. तरी गाडी आडवी घसरून त्या ढिगाऱ्यावर आदळलीच. आपल्या सोबत्यांचे प्राण वांचले आहेत ही खात्री करून घेतल्यावर त्यानें गाडी मागें घेतली आणि रडतखडत मुक्कामावर आणली. पुढचा कणा वांकलेला, सांगाडा पिळलेला, एक दिवा गेलेला, पुढील चाकावरील पंखा मोडलेला. नियमाप्रमाणें दुरुस्ती चालकानेंच करावयाची. जें बांधतां आलें तें त्यानें दोरीनें बांधलें, आणि गाडी पुन्हां रस्त्यावर गेली.

त्याचा जोडीदार होता डॉक्टर बेंजाफील्ड, लंडनमधील एक जंतुशास्त्रज्ञ. पावसाच्या रात्रीं, वांकड्या कण्याच्या गाडींतून, दोघे आळीपाळीनें चालत राहिले. पुढें असलेल्या फ्रेंच गाडीपेक्षां ते कित्येक फेरे मागें होते. तिला गांठण्याची आशा फारशी नव्हती. परंतु रविवारीं दुपारीं, शर्यत संपावयास सुमारें दीड तास उरला असतां, त्या गाडीच्या इंजिनानें दगा दिला. मोडकी बेन्टले १३७ फेरे पुरे करून पहिली आली. दुसरा क्रमांक मिळविणारी गाडी तिच्या वीस फेरे मागें होती. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलांत या विजयाप्रीत्यर्थ मेजवानी झाली तेव्हां ती जखमी गाडीच सन्मान्य पाहुणी म्हणून भोजनगृहांत आणून उभी करण्यांत आली.

येथून या संघाची दंतकथा सुरू होते. 'बेन्टले बॉइज्' या नांवानें हे चालक इंग्लंडभर गाजले. त्यांत हिऱ्यांच्या खाणींच्या धनावर वाढलेला वूल्फ बार्नाटो होता. नॉटिंगहॅमच्या लेसच्या कारखानदारांच्या घराण्यांतील सर हेन्री बर्किन होता. पाणबुडीवर काम केलेला नौदलाचा अधिकारी ग्लेन किड्स्टन होता. ऑस्ट्रेलियांतील मोत्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा बर्नार्ड रुबिन होता. अडथळ्यांच्या घोडदौडींतील नामांकित स्वार जॉर्ज डलर होता. यांपैकीं बहुतेक हौसेखातर येत. वेतन घेऊन गाडी चालविणारा क्लेमेंट हाच काय तो एक. वर्तमानपत्रांना त्यांच्या मेजवान्या आणि पैजा पुरून उरत. १९३० च्या मार्चमध्यें बार्नाटोनें शंभर पौंडांची पैज मारली कीं, कान येथून निघणारी 'निळी आगगाडी' कॅले बंदरास पोंचण्यापूर्वीं आपण मोटारीनें लंडनमधील आपल्या क्लबांत असूं. समुद्र ओलांडून तो चार मिनिटें आधीं पोंचला.

परंतु शर्यती पैजांनीं जिंकल्या गेल्या नाहींत. त्या जिंकल्या शिस्तीनें. घड्याळ हातीं घेऊन बसलेला मितभाषी बेन्टले, आणि नॉबी क्लार्क याच्या देखरेखीखालीं काम करणारे यंत्रज्ञ, हे त्या विजयांचे खरे शिल्पकार होत. पेट्रोल आणि तेल भरणें, चाक बदलणें, दिवे तपासणें, या क्रियांचा सराव पुन्हां पुन्हां करून घेतला जाई. जिंकण्यास लागेल त्याहून अधिक वेगानें गाडी पळवावयाची नाहीं, हा संघाचा दंडक होता. बाजूस उभे राहून फळ्यांवर खुणा दाखवीत, आणि त्या खुणेप्रमाणें वेग वाढवावयाचा किंवा उतरवावयाचा. लक्षाधीश असो कीं पगारी नोकर असो, ही आज्ञा सर्वांना सारखीच.

१९२८ सालीं या शिस्तीची परीक्षा झाली. बार्नाटो आणि रुबिन यांच्या साडेचार लिटरच्या गाडीचा सांगाडा शेवटच्या तासांत तडकला आणि पाणी गळूं लागलें. मागून अमेरिकन स्टुट्झ येत होती. इंजिन जळूं न देतां आणि प्रतिस्पर्ध्यास पुढें जाऊं न देतां बार्नाटोनें गाडी अखेरपर्यंत सांभाळून आणली. त्याच शर्यतींत बर्किनच्या गाडीचा टायर फुटला. वजन वांचविण्यासाठीं गाडींत जॅक ठेवला नव्हता. चाक मोडून गाडी अडली, आणि बर्किन धांवत मुक्कामावर आला. तेव्हां त्याचा फ्रेंच जोडीदार शासान्य कांहीं न बोलतां जॅक उचलून निघाला, आतां पाळी आपली आहे एवढेंच म्हणाला, आणि गाडी परत घेऊन आला. ते पांचवे आले.

१९२९ सालीं पहिले चारहि क्रमांक बेन्टलेचे. सहा सिलिंडरांच्या 'स्पीड सिक्स' गाडींतून बार्नाटो व बर्किन यांनीं २८४४ किलोमीटर तोडले, म्हणजे मुंबईहून दिल्लीस जाऊन परत येण्याइतकें अंतर एका अहोरात्रांत. मात्र याच वर्षीं संघाच्या पोटांत एक मतभेद वाढीस लागला. साडेचार लिटरच्या इंजिनास हवा कोंबणारें सुपरचार्जर यंत्र जोडून वेग वाढवावा, असा बर्किनचा आग्रह होता. बेन्टलेस ही कल्पना मुळींच मान्य नव्हती. अधिक शक्ति हवी तर इंजिन मोठें करावें, असल्या इंजिनावर जुलूम करूं नये, हें त्याचें म्हणणें. परंतु कंपनीची सूत्रें १९२६ पासून बार्नाटोच्या पैशावर चालत होतीं, आणि बार्नाटोनें बर्किनला होकार दिला. डॉरोथी पॅजेट या धनाढ्य बाईंनीं बर्किनच्या संघास पैसा पुरविला. शर्यतींत भाग घेण्यासाठीं तशा पन्नास गाड्या कारखान्यास कराव्या लागल्या.

१९३० ची शर्यत या दोन मतांचीहि शर्यत ठरली. प्रतिस्पर्धी होती काराच्चिओला याची एकटी मर्सिडीज. तिचें सुपरचार्जर सारखें चालूं ठेवण्याजोगें नव्हतें. गरज पडेल तेव्हांच तें वापरावयाचें. तेव्हां तिला सतत तें वापरावयास लावावें, असा बेत ठरला. बर्किननें एक चाक गवतावर घालून, टायरच्या चिंध्या उडत असतां, तिला मागें टाकलें; मग बार्नाटोच्या 'स्पीड सिक्स'नें रात्रभर तिचा पिच्छा पुरविला. मध्यरात्रीनंतर मर्सिडीजची वीज संपली, दिवे मालवले, आणि ती थांबली. परंतु बर्किनच्या संघाच्या दोन्ही सुपरचार्जर गाड्याहि शेवटपर्यंत पोंचल्या नाहींत. बार्नाटो व किड्स्टन पहिले, क्लेमेंट व वॉट्नी दुसरे. दोन्ही गाड्या साध्या इंजिनांच्या. बार्नाटो ल माँ येथें तीन वेळां उतरला आणि तिन्ही वेळां जिंकला. तत्त्वाचा निकाल बेन्टलेच्या बाजूनें लागला होता. तरी दैवाची गंमत अशी कीं, पुढील पिढ्यांनीं जिचीं चित्रें भिंतीवर लावलीं ती न जिंकलेली सुपरचार्जर गाडीच. इयान फ्लेमिंगनें १९५३ सालीं आपल्या गुप्तहेर नायकास तीच दिली, आणि २०१२ सालीं बर्किनची एकासनी गाडी लिलांवांत पन्नास लाख पौंडांहून अधिक किंमतीस गेली.

जुलै १९३० मध्यें कंपनीनें शर्यतींतून अंग काढून घेतलें. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारांतील कोसळण्याचे हादरे इंग्लंडला बसत होते, आणि महाग गाड्या घेणारीं घरें हात आंखडूं लागलीं होतीं. अशा वेळीं कारखान्यानें आठ लिटरची, आजवरची सर्वांत मोठी आणि महाग गाडी बाजारांत आणली. तिच्या अवघ्या शंभर झाल्या. १९३१ च्या उन्हाळ्यांत कर्जाचे हप्ते भरण्यास बार्नाटोनें आणखी पैसा घालण्याचें नाकारलें आणि कंपनी बुडाली. नेपियर कंपनी ती घेणार असें सर्वांस वाटत असतां, एका अपरिचित संस्थेनें अधिक बोली देऊन ती घेतली. त्या संस्थेच्या आड रोल्स-रॉइस कंपनी होती.

शर्यतींनीं हा कारखाना बुडविला, असें म्हणण्याची वहिवाट आहे. वस्तुस्थिति तशी दिसत नाहीं. भांडवलाची चणचण पहिल्या गाडीच्या आधींपासूनची होती. १९२६ सालींच जुन्या भागीदारांच्या एका पौंडाच्या भागाची किंमत एक शिलिंगावर आली होती. ज्या बारा वर्षांत सुमारें तीन हजार गाड्या झाल्या, त्या काळांत त्या खपल्या त्या पुष्कळशा ल माँच्या कीर्तीवरच. चूक शोधावयाची तर ती हिशेबाच्या वहींत शोधली पाहिजे. ज्या माणसानें पेट्रोलचा थेंब आणि घड्याळाचा सेकंद मोजला, त्यानें पैसा मोजण्याचें काम दुसऱ्यांवर सोंपविलें, आणि त्या दुसऱ्यांची हौस संपली त्या दिवशीं त्याचें घर गेलें.

घराबरोबर नांवहि गेलें. रोल्स-रॉइसच्या डर्बी येथील कारखान्यांतून 'बेन्टले' नांवाच्या नव्या गाड्या निघूं लागल्या. त्यांच्या आंखणींत मूळ बेन्टलेस मुख्य स्थान नव्हतें. १९३५ सालीं तो लॅगोंडा कंपनींत गेला. तेथें त्यानें बारा सिलिंडरांचें इंजिन केलें, आणि १९३९ सालीं त्या गाड्या ल माँ येथें तिसऱ्या व चौथ्या आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लॅगोंडानें आपल्या नव्या गाडीस त्याचें नांव जोडूं पाहिलें तेव्हां रोल्स-रॉइसनें न्यायालयांत दाद मागितली आणि तो दावा जिंकला. स्वतःच्या आडनांवावर त्याचा हक्क उरला नव्हता. त्याचें इंजिन मात्र ॲस्टन मार्टिनच्या गाडींत बसून १९५१ सालीं ल माँ येथें तिसरें आलें. वॉल्टर ओवेन बेन्टले १९७१ सालीं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं, निवर्तला.

त्याचे सोबती बहुतेक त्याच्या फार आधीं गेले. किड्स्टन १९३१ सालीं दक्षिण आफ्रिकेंत विमान कोसळून गेला, बर्किन १९३३ सालीं, रुबिन १९३६ सालीं. २००३ सालीं, त्र्याहत्तर वर्षांनंतर, 'बेन्टले' हें नांव ल माँ येथें पुन्हां पहिलें आलें. त्या वेळीं कंपनीची मालकी जर्मनीच्या फोक्सवागनकडे होती, आणि तिघा चालकांत गाय स्मिथ हा एकच इंग्रज होता. मालक बदलले, कारखाना बदलला, यंत्र बदललें. नांव तेवढें टिकलें. ज्या शर्यतीचा हेतुच टिकावाची परीक्षा हा होता, तिच्या दृष्टीनें हा निकालहि कांहीं लहान नव्हे. परंतु तें नांव ज्यानें कमावलें, त्याच्या वांट्यास तें आलें नाहीं, एवढी खंत या कथेच्या वाचकास राहून जाते.